सुकलालची ट्रॉली

मी फाळका बोलतोय. फाळका म्हणजे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचं मागचं दार. तुम्ही मला खूपदा पाहिलंय, फक्त आपली ओळख नाही. चोपड्याच्या रस्त्यावर तुमची मोटारसायकल एखाद्या ट्रॉलीमागे अडकते, तुम्ही हॉर्न वाजवून थकता आणि मग नाइलाजाने समोर जे दिसेल ते वाचत बसता ना, तो मी. इंजिनाचं तोंड पुढे, ड्रायव्हरचं पुढे, माझं एकट्याचं मागे. त्यामुळे आपण कुठे चाललोय हे मला आयुष्यात कधी कळलं नाही. मागे कोण राहिलं, हे मात्र विचारा.

माझा जन्म जळगावचा. मेहरूणच्या बाजूला भटू मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान होतं, तिथे मला कापलं, ठोकलं, कड्या बसवल्या. भटू मिस्त्रीच्या तोंडात कायम तंबाखू, म्हणून त्याचं बोलणं कमी आणि ठोकणं जास्त. आजूबाजूचे दोन फाळके माझे सख्खे भाऊ, पण ते लाडाचे. त्यांना कोणी फारसं हलवत नाही. माझ्या मात्र दिवसभर खिट्ट्या निघतात आणि लागतात, धाडकन खाली आणि धाडकन वर. त्या धाडधाडीने माझा स्वभाव जरा खडखडीत झालाय. बोललो तर लागेल एखाद्याला, पण पोटात काही ठेवत नाही.

मला घेतलं प्रेमराज नानांनी. चोपड्याहून सातपुड्याकडे जाणाऱ्या रस्त्याला त्यांची केळीची बाग आहे. नाना मनाने मोठे, पण नावाचे भारी शौकीन. विहिरीवर त्यांचं नाव, गोठ्यावर नाव, पाण्याच्या टाकीवर नाव. ताटावाटीवर तर सगळेच घालतात, नानांनी खाटेच्या पायावरही कोरून घेतलंय. मग ट्रॉली कशी सुटेल? आणि आमच्या भागात फाळक्यावर ज्याचं नाव, त्याची ट्रॉली. कागद कोण बघतो? लोक नाव वाचतात आणि मालक ठरवून मोकळे होतात. पुढचा सगळा गोंधळ या रीतीनेच केला.

तर नानांचं नाव माझ्यावर लाल अक्षरांत झोकात होतं. पण खताच्या गोण्या, दगड, केळीचे घड, सगळ्यांनी मला घासून घासून त्या नावाचा पार चुराडा केला. शेवटी 'प्रेम' गेलं आणि 'राज' तेवढं उरलं. नाना माझ्यापुढे उभे राहून म्हणाले, "राज शे ते ठीक शे, पन कोना राज?" आणि त्यांनी धरणगावहून धनसिंग पेंटरला बोलावलं. धनसिंगने मला वरपासून खालपर्यंत पिवळा रंग मारला, "अक्षरं उद्या काढतो नाना," म्हणाला आणि गेला. लग्नसराई लागली होती. गावोगावच्या भिंतींवर त्याला नवरा-नवरीची नावं लिहायची होती. त्याचा उद्या काही उजाडेना.

मी पिवळाधमक आणि कोरा. हळद लागली आणि मुहूर्त टळला, अशी माझी गत.

नानांची मुलगी मेघा. जळगावला राहून बी.एड. झाली आणि शिक्षक भरती निघायची वाट बघत घरी बसली. 'घरी बसली' हे नानांचं म्हणणं. मी तिला एका जागी बसलेली कधी पाहिली नाही. दुपारी नानांचा डबा घेऊन ती बागेत यायची आणि मग बायकांच्यातच रमायची. बागेत कामाला गावातल्या आणि डोंगराच्या पायथ्याच्या पाड्यावरच्या बायका असतात. सकाळी अभिमन ट्रॅक्टर घेऊन जातो, त्यांना ट्रॉलीत बसवून आणतो, संध्याकाळी सोडतो. अभिमन गाणी एवढ्या जोरात लावतो की मागे ट्रॉली आहे की नाही हेही त्याला बघावंसं वाटत नाही. जेवणाच्या सुट्टीत या सगळ्या जणी माझ्या सावलीला बसून भाकरी सोडतात. पाठ बांधाला, तोंड माझ्याकडे.

त्यातली एक गेंदा. पाड्यावरची, कामाला वाघीण, बोलायला लाजाळू. तिची एकुलती एक लेक रेश्मा धुळ्याला दिलेली. रेश्माला दिवस गेले, सातवा महिना लागला, तेव्हा थंडीत गेंदा एकटीच लाडवांचा डबा घेऊन निघाली. चोपड्याच्या स्टँडवर एकाला विचारलं, "धुयानी गाडी हाईच शे का, भाऊ?" तो मोबाईलमध्ये डोकं घालून बसलेला. त्याने वर न बघताच मान हलवली. गेंदा बसली, खिडकीशी डुलकी लागली आणि जाग आली ती धरणगावात. परत येईपर्यंत संध्याकाळ झाली. सरकारने बायकांना अर्ध्या तिकिटात फिरवलं हे खरं, पण गाडीवरची पाटी वाचून कोण देणार? दुसऱ्या दिवशी ते लाडू तिने आम्हा सगळ्यांत वाटले. बायका हसल्या, तीही हसली, आणि मग केळीच्या बुंध्याशी वाकून काम करताना मुकाट रडली. तिचा नवरा सुकलाल म्हणाला, "मी लई जासू तुले. टाईम भेटू दे." टाईम काही भेटला नाही. शेळ्या, डोंगरातला डिंक, चारोळी, सुकलालला उसंत कुठली?

मेघाने हे ऐकलं. त्याच दुपारी तिने चहाच्या चुलीतला विझलेला कोळसा उचलला आणि सरळ माझ्यापाशी आली.

"गेंदाबाई, पाटी वाचायला शिकायचं का?"

"आते? या उमरमा?" गेंदा म्हणाली. "माले कोन शाळामा बसू दी?"

"शाळेत जायचंच नाही. शाळा ही काय, उभी आहे."

आणि तिने माझ्या पिवळ्या अंगावर कोळशाने भलामोठा 'क' काढला. गुदगुल्या झाल्या हो! आजवर मला घासलं होतं, ठोकलं होतं, लाथेने बंद केलं होतं. असं हळू हाताने माझ्यावर कोणी काही काढलं नव्हतं.

नानांची परवानगी काढावी लागली. नानांनी मिशीवरून हात फिरवला. "पेंटर येस तवलोंग काय करनं ते करा. मंग मनं नाव पडी." म्हणजे पेंटर येईपर्यंतच. आमची शाळा भरायची तीच मुळी धनसिंगच्या आळसावर.

शिकवायची मेघाची रीत बघण्यासारखी. पुस्तकातला बदक आणि छत्री तिने बाजूला ठेवली. क केळीचा, ख खोडाचा, घ घडाचा, च चिकाचा. केळीचा चीक म्हणजे झाड कापलं की पाझरतो तो रस. आधी पाण्यासारखा दिसतो, पण कपड्याला लागला की काळा पडतो आणि मग धुऊन धुऊन कपडा विरतो, डाग राहतो. 'ग'पाशी सगळ्यांत वयस्कर मंजुळाबाईंनी हात वर केला. बाकी काही म्हणा, पण 'ग' गणपतीचाच राहणार, देवाला वगळून विद्या येत नसते. मेघाने ऐकलं. मंजुळाबाईंनी पहिल्याच दिवशी जाहीर केलं होतं, "मी नुसती पाहाले बससू." पण भाकरी चावता चावता त्यांचेच ओठ सगळ्यांत आधी हलत.

"फी काय लेशी व पोरी?" त्यांनीच विचारलं.

"काही नाही."

"फुकट?" मंजुळाबाईंना संशय आला. "मंग खरं शिकाडशी ना?"

फुकटची विद्या बायकांना पचेना, म्हणून त्यांनी मेघाला खायला आणायला सुरुवात केली. चिंचा, कैऱ्या, ठेचा, भाजलेलं वांगं. मास्तरीणबाईंचं पोट बिघडलं आणि शाळेला पहिली सुट्टी मिळाली ती तेव्हाच.

खाडे झाले, भांडणंही झाली. 'ख' आणि 'रव' यांच्यात फरक काय यावरून दोघी जणी दोन दिवस अबोला धरून होत्या. पण अक्षरं चढत गेली. गेंदाला स्वतःचं नाव लिहिता आलं त्या दिवशी तिने ते पुसूच दिलं नाही. अभिमन ओलं पोतं घेऊन आला तर ती माझ्यापुढे आडवी उभी राहिली. मला तिचं भारी कौतुक वाटलं. एक अडचण मात्र होती. तिला हवं होतं 'धुळे', आणि केळीच्या बागेत 'ध'ची वस्तूच सापडेना, म्हणून 'ध' मागे मागे राहिला होता. तिकडे रेश्माचा नववा लागला होता.

अशातच एके दिवशी मेघा म्हणाली, "आज घरच्या माणसाचं नाव लिहा. ज्याचं हवं त्याचं."

कोणी लेकाचं लिहिलं, कोणी सुनेचं, एकीने म्हशीचं.

"नवऱ्याचं कोणीच नाही लिहिलं?"

पदर तोंडाशी गेले. मंजुळाबाई म्हणाल्या, "धनीनं नाव लेतस का कोनी? उखाणामा लेवो ते येगळं."

"पण अक्का, नाव घ्यायचं कुठे आहे? लिहायचंय फक्त."

हा मुद्दा नवा होता. त्यावर भाकरी बाजूला ठेवून चर्चा झाली. हाताने लिहिलं तर ते तोंडाने घेतल्यासारखं होतं का? शेवटी मंजुळाबाईंनी निकाल दिला. "लिखामा दोष नही. पन वाचानं नही कोनी."

"मग बरोबर आहे की चूक, ते मी कसं सांगणार?" मेघाने विचारलं.

"तू मनमा वाच."

हसण्यात सुट्टी संपली आणि नवऱ्याचं नाव कोणीच लिहिलं नाही. बायका बागेत शिरल्या. गेंदा मात्र पुन्हा माघारी आली. हातात नुकतंच कापलेलं केळीचं पान, त्याच्या देठातून चीक ठिबकत होता. तिने इकडेतिकडे पाहिलं. कोळसा शोधला, तर अभिमनने चुलीवर पाणी ओतून ठेवलेलं आणि मलाही ओल्या पोत्याने पुसून काढलेलं. मग तिने चिकात बोट बुडवलं आणि माझ्या बरोबर मध्यावर, हात वर नेऊन, मोठमोठं लिहायला लागली. एकेक अक्षर काढायची आणि मागे सरून बघायची. दिसत काहीच नव्हतं. नुसती ओल. ऊन लागलं की वाळेल, ना कोणी वाचणार ना कोणी हसणार. लिहून झाल्यावर ती अशी काही लाजली, की लग्नाच्या दिवशीही लाजली नसेल.

साडीवर पडलेला चिकाचा डाग जन्मात जात नाही, हे गेंदाइतकं कोणाला ठाऊक? पण लोखंडाला कसला डाग, असं तिला वाटलं. धनसिंगने पिवळा रंग पातळ करून मारला होता, तो चीक पिऊन टाकेल, हे तिला कोण सांगणार? मी सांगितलं असतं, पण तेव्हा मला वाचा फुटली नव्हती.

रात्रीतून चीक रंगला. सकाळी माझ्या छातीवर काळ्या-तपकिरी ठसठशीत अक्षरांत उभं होतं: सुकलाल.

तो बाजाराचा दिवस. बायकांना सुट्टी होती. अभिमनने नेहमीप्रमाणे मागे न बघता ट्रॅक्टर काढला आणि खत आणायला चोपड्याला आला. मला स्टँडजवळच्या रस्त्याला लावलं आणि दुकानात गेला. मी एवढंच बघतोय, की येणारा-जाणारा माझ्यासमोर थांबतोय, वाचतोय, भुवया वर करतोय. पाड्यावरची माणसं बाजाराला आलेलीच होती. त्यांच्यातल्या एखाद्या वाचणाऱ्याने वाचलं आणि न वाचणाऱ्यांनी पसरवलं. सुकलालनी ट्रॉली लिधी!

सुकलाल चारोळी विकायला बसला होता. पहिल्याने येऊन पेढे मागितले तेव्हा त्याला वाटलं, थट्टा आहे. दुसऱ्याने पाठीवर थाप मारून चहा पाजला. तिसऱ्याला तो "नही रे भाऊ" म्हणाला, पण ते इतकं हळू की नम्रता वाटली. आणि मग आला वना. वनाच्या मुलीचं लग्न तोंडावर आलं होतं.

"सुकलाल, मनी आंडेरना लगीनले तुनी ट्रॉली देशी ना?"

सुकलालची मान हलली. नाही म्हणायला जीभ वळेना. आजवर लोकांनी त्याच्याकडे कुऱ्हाड मागितली होती, फार तर बिडी मागितली होती. एवढं मोठं काही कोणी मागितलंच नव्हतं. हो म्हणून बसला बिचारा, आणि मग घाम पुसत, मला शोधत आला.

माझ्यापुढे तो उभा राहिला. वाचता येत नव्हतं. नुसता बघत राहिला. मग खरखरीत हाताने एकेक अक्षर चाचपलं. तेवढ्यात अभिमन गोण्या टाकायला मागे आला.

"अभिमनभाऊ, हाई मनं नाव शे का?"

अभिमनने त्या दिवशी पहिल्यांदा आपल्या ट्रॉलीच्या मागे नीट पाहिलं आणि त्याच्या तोंडून बाप रे एवढंच निघालं.

सुकलाल म्हणाला, "मी आते लगून मनं नाव पाहीच नही. दिखाले बरं शे."

इकडे नानांना एका लग्नाच्या पंगतीत, भर वाढणीत कोणीतरी विचारलं, "नाना, ट्रॉली विकी टाकी म्हने? काय अडचन उनी?" नानांचा घास हातातच राहिला. ऐन हंगामात ट्रॉली विकली म्हणजे घर बुडालं, असाच आमच्याकडे अर्थ. नानांनी तिथल्या तिथे धनसिंगला गाठलं. तो त्याच मांडवात जेवत होता! त्याला रात्री घरीच ठेवून घेतलं, दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर मागे बसवलं, डबे-ब्रश मध्ये घेतले आणि दुपारी बागेत येऊन थडकले.

"कोनी लिखं हाई?"

सगळ्यांच्या नजरा भाकरीवर. मग गेंदा उठली.

"मी लिखं नाना. चिकमा बोट बुडाईसन लिखं. दिखाव नही असं वाटनं माले."

"ट्रॉली मनी आन नाव तुना नवरानं? गावमा मनं हासू व्हयनं!" नाना गरजले. "शाळा बंद. धनसिंग, लाव रंग!"

"नाना, ऐका तरी..." मेघा पुढे झाली, पण नानांनी हात वर केला.

गेंदा जागची हलली नाही. आयुष्यात पहिल्यांदा ती मालकासमोर एवढं बोलली असेल. "नाना, रेश्माना दिन भरनात. माले धुयाले जानं शे. 'ध' शिकाना बाकी शे. तो येक शिकू द्या, मंग मिटाडा."

नानांनी ऐकलं न ऐकल्यासारखं केलं. धनसिंगने ब्रश बुडवला. एक हात मारला, नाव झाकलं. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? शाळा जाणार, बायका पुन्हा माझ्या सावलीला नुसत्या जेवून उठणार. पण रंग वाळत आला तसं पिवळ्यातून तपकिरी वर यायला लागलं. सु... क... धनसिंगने पुन्हा हात मारला. पुन्हा वर आलं. त्याने घासलं, खरवडलं, देवाचं नाव घेतलं आणि शेवटी ब्रश टाकला. "नाना, चीक शे हाऊ. पत्रा बदलना पडी."

त्याच वेळी बांधावरून सुकलाल आणि वना आले. वनाच्या हातात कुंकू लावलेली लग्नपत्रिका. ती त्याला ट्रॉलीच्या मालकाला द्यायची होती. सुकलालने त्याला हात धरून नानांसमोर उभं केलं.

"नानाले दे पत्रिका. मालक त्या शेतस. मी बाजारमा हो म्हनी टाकं, माले माफ करा नाना. ना म्हनता उनं नही."

"मंग नाव तुनं काबर?" वना गोंधळला.

सुकलालने गेंदाकडे बोट केलं. "हिनी लिखं. मनी बायकोनी लिखं." हे सांगताना त्याची मान अशी ताठ झाली, की तीन-तीन ट्रॉल्यांच्या मालकाची होणार नाही. मग तो नानांकडे वळला. "मिटाडी टाका नाना. पन मिटाडाना आगोदर येकदाव माले वाचाडी लेवू द्या."

नाना माझ्यासमोरून बाजूला झाले. गेंदा माझ्यापाशी आली. तोंडाने तर तिला नाव घेता येईना. म्हणून तिने पहिल्या अक्षरावर बोट ठेवलं आणि नवऱ्याकडे बघितलं.

"सु," सुकलाल चाचरत म्हणाला.

बोट पुढे सरकलं. "क." बोट सरकलं. "ला." आणि शेवटच्या अक्षरावर बोट टेकलं तेव्हा त्याने आपलंही बोट शेजारी टेकवलं. "ल."

मंजुळाबाई डोळे पुसत म्हणाल्या, "वाचं त्यानीच, म्हनजे दोष नही."

मी नानांकडे बघत होतो. ज्या माणसाला खाटेच्या पायावरही स्वतःचं नाव लागतं, त्याला नावाची भूक कळणार नाही तर कोणाला कळणार? नानांनी दोनदा खाकरून घसा साफ केला. मेघा बापाला ओळखून होती. हळूच म्हणाली, "नाना, मागचं नाव फक्त मागून येणाराच वाचतो. दोन्ही बाजूंना टाकलं तर अख्खा बाजार वाचेल. आणि पुढे 'मालक' असंही लिहिता येईल."

नानांचा चेहरा उजळला. राग एकदम उतरला असं दिसू नये म्हणून ते धनसिंगवर ओरडले. "काय पाही ऱ्हायना? लिख बाजूले! मोठं लिख!" आणि जाता जाता वनाला म्हणाले, "ट्रॉली येई लगीनले. मनी ट्रॉली कोनले नही म्हनत नही."

तर आता माझे दोन्ही भाऊ 'मालक प्रेमराज नाना' असं अंगभर मिरवतात. वनाच्या मुलीच्या वऱ्हाडात त्यांनीच भाव खाल्ला. माझ्या वाट्याला शाळा आली. सुकलालचं नाव माझ्या पिवळ्यातून अजून फिकट दिसतं, त्याच्यावरच कोळशाने धडे होतात. 'ध'ला मेघाला बागेत काही सापडलं नाही ते नाहीच. शेवटी मंजुळाबाईंनी तोडगा काढला, ध धनसिंगचा, कारण तो आला नाही म्हणून तर आपण एवढं शिकलो. अधूनमधून सुकलालही शेळ्या बांधावर सोडून मागच्या रांगेत बसतो. बायको त्याच्या पुढे आहे, हे तो पाहुण्यांना आपणहून सांगतो.

आज पुन्हा बाजार आहे. मी चोपड्याच्या स्टँडसमोर उभा राहून तुमच्याशी बोलतोय. काल फोन आला, रेश्माला मुलगी झाली, दोघी सुखरूप आहेत. सुकलाल म्हणाला, मी येतो बरोबर. गेंदा म्हणाली, नको. म्हणून ती लाडवांचा डबा घेऊन एकटी स्टँडात गेलीय आणि सुकलाल, मंजुळाबाई, सगळी ट्रॉलीत बसून माना उंच करून बघतायत. माझं तोंड नेमकं स्टँडकडे आहे. यापरतं भाग्य नाही.

तेवढ्यात तुमच्याकडे एक मागणं मागून घेतो. तुमच्या दारात एखादी गाडी नुसती उभी असेल, दुकानाचं शटर दुपारी बंद राहत असेल, गोठ्याची भिंत रिकामी असेल, तर ती कोणाला तरी घटकाभर द्या. शिकवणारी एक मेघा तुमच्याही गावात भरतीची वाट बघत असेलच. आणि ट्रॉलीमागे अडकलात तर हॉर्न जरा कमी वाजवा. फाळक्यावर काही लिहिलेलं असेल ते वाचा. चुकलेलं असलं तरी हसू नका, कोणीतरी उन्हात उभं राहून ते लिहिलेलं असतं.

आली! धुळ्याची गाडी फलाटाला लागली. कंडक्टर धुळे-धुळे ओरडतोय, पण गेंदा कानावर विश्वास ठेवत नाही. ती गाडीच्या पुढे जाऊन उभी राहिलीय. बोट हवेत फिरतंय. ध... धु... ळे. मागे वळून तिने आमच्याकडे बघितलं आणि सगळे दात दाखवून हसली. ट्रॉलीत बायकांनी टाळ्या पिटल्या.

आता बसेल म्हणतोय, तर ही बाई शेजारच्या गाडीकडे गेली! ती पाटी वाचली, अमळनेर. मग त्याच्या पुढची, शिरपूर. मग यावल. मग मुतारीची सुद्धा. एकेक पाटी वाचत, मान डोलवत ती स्टँडभर फिरतेय, जणू सगळ्या गाड्या तिच्याच लेकींच्या गावांना जातायत. इकडे घंटी वाजली आणि धुळ्याची गाडी हलली.

सुकलालने माझ्यावरून उडीच मारली. धावत गेला. "अव, गई ना गाडी! धुयानीच व्हती ती!"

"माले माहीत शे," गेंदा म्हणाली. "मी वाचं ना."

"मंग बसनी काबर नही?"

गेंदाने डबा दुसऱ्या हातात घेतला. "जाऊ द्या. दुसरी येई. ती बी माले वाचता येई."